रोल मारताना विमानाचं नाक भरकटतं? आधी अंगठा तपासा, मग पंख

आरसी, म्हणजे रेडिओनं चालवायची छोटी विमानं उडवणाऱ्यांकडून माझ्याकडे येणारी तक्रार आता मला पाठ झाली आहे. "सरळ उडतं अगदी रेघ मारल्यासारखं. पण रोल मारला की नाक कुठंतरीच जातं." मग विमान माझ्या हातात येतं आणि पाठोपाठ यादी येते: सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर) बदलले, रेडिओत, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, मिक्सिंग (एका हालचालीबरोबर दुसरी आपोआप द्यायची सोय) घातलं, जड बॅटरी टाकून पाहिली, काही फरक नाही. मीही एके काळी असाच तीन आठवडे हैराण झालो होतो. शेवटी सापडला तो सर्वोच्या आर्मचा, म्हणजे त्याच्या फिरत्या दांडीचा, न बसवलेला स्क्रू. तेव्हापासून मी क्रम मोडत नाही. फुकटचं आधी, कष्टाचं नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच मिटवू. तुम्हाला कोणता रोल हवा आहे? एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी; एलेरॉन रोलमध्ये विमान स्वतःच्याच नाक-ते-शेपूट अक्षाभोवती फिरतं, नाक एका बिंदूवर खिळलेलं राहतं. बॅरल रोलमध्ये विमान आडव्या पडलेल्या पिंपाच्या आतल्या भिंतीवरून फिरल्यासारखं वर्तुळ काढत पुढं जातं आणि पंखांवर भार बहुतेक काळ सुलट दिशेनंच राहतो. टेक्स जॉन्स्टन या बोइंगच्या चाचणी वैमानिकानं १९५५ च्या ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर चार इंजिनांचं बोइंग ३६७-८० फिरवलं, ते बॅरल रोलनं. कसरतींसाठी गाजलेला वैमानिक बॉब हूवर विमान गरगर फिरवता फिरवता ग्लासात चहा ओतायचा, तोही त्याच जोरावर. तेव्हा बॅरल रोल ही काही चूक नव्हे. चूक ही, की आपण एलेरॉन रोल मागतो आणि विमान बॅरल देतं. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा, कारण पुढची निम्मी मेहनत इथंच वाचते.

- रोल चालू असताना नाक गोल फिरतं, विमान स्क्रूसारखं पुढं जातं.
- रोल सरळ होतो, पण पूर्ण होईपर्यंत नाक खाली गेलेलं असतं आणि उंची घटलेली असते.
- डावीकडचा रोल झटपट होतो, उजवीकडचा रेंगाळतो. किंवा उलट.
- रेडिओची स्टिक सोडली तरी पंख सपाट होऊन थांबत नाहीत, थोडे कललेलेच राहतात, आणि दर वेळी वेगळ्या कोनात.
- सरळ उडताना सगळं ठीक, पण उलटं केलं की एका बाजूला जोरात कलंडतं.
- रोलच्या मध्येच विमान एकदम झटका खाऊन स्वतःच फिरतं.
- एलेरॉन हलवला की भर्रर्र असा आवाज येतो.

शेवटच्या दोन लक्षणांसाठी पुढची तपासणी नाही. थेट "कुठं थांबायचं" इथं जा.

आणखी एक. तुमचं विमान वरच्या पंखाचं, सपाट पोटाच्या पंखाचं, पंखांची टोकं वर उचललेली असं शिकाऊ ट्रेनर असेल, तर ते अक्षावर रोल होणारच नाही. ते तसंच बनवलेलं असतं. हात सोडले की सरळ व्हावं ही त्याची नोकरी आहे, आणि रोल म्हणजे त्या नोकरीत घातलेला अडथळा. त्याला दोष देऊन काही उपयोग नाही.

१. जायरो बंद करा

आजकाल बऱ्याच रिसीव्हरमध्ये (रेडिओचे संदेश पकडणाऱ्या विमानातल्या पेटीत) विमान आपोआप स्थिर ठेवणारा जायरो आतच असतो. तो चालू असताना केलेली कुठलीही तपासणी खोटी. आजाऱ्याला तापावरची गोळी देऊन मग ताप मोजण्यातला हा प्रकार. वाकडा एलेरॉन तो सरळ उड्डाणात झाकतो आणि रोलमध्ये त्याचा हात तोकडा पडला की खोड उघडी पडते. सरळ उडतं पण रोल बिघडतो, याचं एक कारण हेच. पुढच्या सगळ्या चाचण्या जायरो बंद ठेवूनच करायच्या.

२. अंगठा

हे मी सांगितलं की लोक दुखावतात. पण मोड दोनवर उडवत असाल, म्हणजे एलेरॉन आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी पट्टी) एकाच उजव्या स्टिकवर असतील, तर ही तपासणी टाळू नका.

प्रोपेलर काढून ठेवा. (विजेच्या मोटरवर बॅटरी जोडून टेबलावर कुठलंही काम करण्याआधी प्रोपेलर काढायचा. यात सूट नाही.) मित्राला शेपटीमागं उभं करा आणि त्याची नजर फक्त एलिव्हेटरवर ठेवायला सांगा. आता तुम्ही विमानाकडे न बघता, हवेत मारता तशी झटक्यात स्टिक पूर्ण उजवीकडे न्या, मग पूर्ण डावीकडे. एलिव्हेटर हलला का?

एका मुलाच्या विमानाचं मी असं पाहिलं होतं. डावीकडे एलिव्हेटर ठार स्तब्ध. उजवीकडे नेलं की मागची कड चांगली चार मिलिमीटर वर. प्रत्येक वेळी. त्याला पत्ताच नव्हता. अंगठा मुळाशी सांध्यावर फिरतो, त्यामुळे त्याचं टोक सरळ रेषेत जात नाही, कंसात जातं, आणि स्टिक नकळत अंगाकडे ओढली जाते. रोलमध्ये हा ओढलेला एलिव्हेटर काय करतो बघा: सुलट असताना नाक वर उचलतो, बाजूवर असताना नाक बाजूला ओढतो, उलटं झालं की तोच नाक जमिनीकडे ओढतो. बेरीज केली की बॅरल रोल तयार. विमान बिचारं सांगितलं तेच करत असतं.

कयाक उलटल्यावर पुन्हा सरळ करायला शिकणाऱ्यांचं असंच होतं. डोकं आधी पाण्याबाहेर काढायचा मोह आवरत नाही, आणि डोकं आधी वर आलं की बोट परत उलटी. डोकं सगळ्यात शेवटी यायला हवं. शरीराला जे सहज वाटतं तेच रोल बिघडवतं, मग पाणी असो की हवा.

उपाय: स्टिकची उंची कमी-जास्त करून पाहा, अंगठ्याच्या जोडीला तर्जनी लावून चिमटीत धरून पाहा, आणि रेडिओच्या स्क्रीनवर सर्वोचे पट्टे बघत रोज पाच मिनिटं फक्त आडवी हालचाल करा. मोड एकवाल्यांचे एलेरॉन आणि एलिव्हेटर वेगवेगळ्या हातात असतात, त्यांनी सरळ पुढं जावं.

३. रोलमध्ये शिरता कसे

नाक खाली जातं, उंची घटते अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा इथंच उत्तर मिळतं. विमान बाजूवर आलं की पंखांची उचल आडवी होते आणि वजन पेलायला खाली कुणी उरत नाही. उलटं झालं की तर पंखाला नेहमीच्या विरुद्ध बाजूला काम करावं लागतं. आधाराशिवाय सोडलेली वस्तू एका सेकंदात जवळपास ५ मीटर खाली येते. म्हणजे एका सेकंदाचा रोल तुम्ही नुसत्या एलेरॉनवर मारलात तर साधारण तेवढं पडणं आलंच. आणि वेळ दुप्पट झाला की पडणं चौपट: दोन सेकंदांच्या रोलला सुमारे २० मीटर. "पूर्वी चांगला व्हायचा, आता नाक पडतं" असं म्हणणाऱ्याचा ड्युअल रेटचा (हालचाल पूर्ण द्यायची की कमी ते ठरवणारा) स्विच चुकून कमी रेटवर पडलेला मला कितीदा तरी सापडला आहे.

म्हणून: पुरेसा वेग घ्या, नाक दहा-पंधरा अंश वर करा, एलिव्हेटर मध्यावर सोडा, आणि मगच एलेरॉन. एलिव्हेटर सोडायच्या आत एलेरॉन दिला तर पुन्हा बॅरल. उलट्या अवस्थेत स्टिक किंचित पुढं ढकला. किंचितच. एवढं करून रोल नीट झाला तर विमान घरी न्या आणि त्याला हात लावू नका.

४. हातानं हलवून बघा

रेडिओ आणि रिसीव्हर चालू ठेवा म्हणजे सर्वो ताठ राहतील. प्रत्येक एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हळूच वर-खाली करा. सर्वोचा आर्म न हलता एलेरॉन हलत असेल तर ढिलाई क्लेव्हिसमध्ये (जोडदांडीच्या टोकाच्या चिमट्यात), हॉर्नमध्ये (एलेरॉनवर बसवलेल्या शिंगासारख्या तुकड्यात) किंवा भोक झिजून मोठं झाल्यात आहे. आर्मही हलत असेल पण सर्वोची पेटी स्थिर असेल तर आर्मचा स्क्रू किंवा गिअरचे दात. पेटीच हलत असेल तर तिचे स्क्रू, किंवा ती जिथं चिकटवली आहे तिथला गोंद सुटलाय.

थांबताना दर वेळी वेगळ्या कोनात राहणं, हे लक्षण जवळजवळ नेहमी इथलं असतं. ढिला एलेरॉन हवेच्या दाबानं कधी या बाजूला टेकतो, कधी त्या. याला ट्रिम देऊन (रेडिओवरून मध्य थोडा सरकवून) उपयोग शून्य, कारण ट्रिम एका जागेला देतात आणि हा पाहुणा रोज नवी जागा धरतो.

५. तोल

पुढचा-मागचा तोल सगळे बघतात. साध्या आयताकृती पंखात सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करतात, पण पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. हवेत पडताळायचं असेल तर ४५ अंशांत वर जाताना विमान उलटं करा आणि स्टिक सोडा. नाक झपकन खाली येत असेल तर नाक जड. थोडा वेळ रेघ धरून ठेवून मग हळूहळू वाकत असेल तर छान. स्वतःहून आणखी वर चढायला लागलं तर शेपूट जड, आधी उतरवा आणि बॅटरी पुढं सरकवा.

आडवा तोल मात्र कुणी बघत नाही. एकानं स्पिनरच्या (प्रोपेलरच्या मधल्या टोपीच्या) टोकाखाली बोट धरायचं, दुसऱ्यानं शेपटीच्या मध्याखाली, आणि बघायचं कोणता पंख खाली जातो. दोन-चार वेळा हलवून पुन्हा सोडा. दर वेळी तोच पंख खाली गेला तर दुसऱ्या पंखाच्या टोकाशी वजनाची छोटी पट्टी लावा.

हवेतली एक चाचणी मला फार आवडते, कारण ती वजन आणि पीळ हे दोन संशयित एका फटक्यात वेगळे करते. समजा विमान डावीकडे कलायचं आणि तुम्ही उजवा ट्रिम देऊन ते सरळ केलंत. आता ते उलटं करा. डावा पंख वजनानं जड असेल तर उलट्या अवस्थेतही तोच पंख जमिनीकडे ओढला जाणार. पण तुमचा ट्रिम आता त्याच पंखाला खाली ढकलतो आहे. दोघांचा जोर एकत्र झाला, विमान दुपटीनं कलंडतं. कारण वजन नसून पंखातला पीळ असेल तर ट्रिम आणि पीळ दोन्ही विमानाला धरूनच फिरतात, उलटंही सरळच राहतं. वेग बदलला तरी हाच फरक दिसतो. ट्रिमचा जोर वेगाबरोबर वाढतो, वजन तेवढंच राहतं, म्हणून वजनावर दिलेला ट्रिम एकाच वेगाला लागू पडतो.

६. पट्टी घेऊन मोजा

डावा-उजवा वेग वेगळा असेल तर आता मोजायची वेळ. पंखाच्या मुळाशी मागच्या कडेला पट्टी उभी धरा आणि चार आकडे लिहा: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. डावा वर आणि उजवा वर सारखे हवेत, तसेच दोघांचे खाली. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल, तीन चालणार नाही.

फरक दिसला की लगेच रेडिओत टक्के बदलायला धावू नका. आधी यंत्र सरळ करा. मध्यावर आर्म पुशरॉडला (आर्म आणि हॉर्न जोडणाऱ्या दांडीला) काटकोनात आहे का? दोन्ही बाजूंना आर्मचं आणि हॉर्नचं तेच भोक वापरलंय का? हॉर्नची भोकं हिंजच्या (बिजागरीच्या) रेषेच्या बरोबर वर आहेत का? ती मागं किंवा पुढं असली तर वर आणि खालची हालचाल असमान होते, म्हणजे न मागता डिफरन्शियल मिळतं. मध्य जुळवायला आधी आर्म एक दात फिरवा, मग क्लेव्हिस फिरवा, आणि उरलेली चिमूटभर दुरुस्ती सबट्रिमनं (रेडिओतल्या मध्य जुळवायच्या बारीक सोयीनं). सबट्रिम भरभरून वापरला की एका बाजूची हालचाल लवकर संपते आणि पुन्हा तोच रोग.

७. फट

एलेरॉन आणि पंख यांच्यातून उजेड दिसतोय का? फटीतून हवा निसटते आणि एलेरॉनचा जोर कमी होतो. एका बाजूला जास्त फट असेल तर मोजमाप बरोबर असूनही दोन बाजू वेगळ्या वागतात. एलेरॉन पूर्ण खाली वाकवून पारदर्शक टेप आतून दाबा आणि नंतर तो पूर्ण हालचाल करतो का ते बघा. आवळून बसला तर टेप काढून पुन्हा लावा. पाच मिनिटांचं काम.

८. डिफरन्शियल

वरचं सगळं ठीक आहे आणि तरीही नाक स्क्रूसारखं फिरतंय, तर आता हे. खाली गेलेला एलेरॉन त्या पंखाची उचल वाढवतो, पण त्याबरोबर ओढही वाढते. म्हणून वर जाणारा पंख मागं खेचला जातो आणि नाक रोलच्या विरुद्ध बाजूला वळतं. वर जाणाऱ्या एलेरॉनला जास्त हालचाल आणि खालच्याला कमी दिली की हे आवरतं. सममित पंखाच्या कसरती विमानाला हे जवळजवळ लागत नाही, सपाट पोटाच्या पंखाला बरंच लागतं.

वारा नसलेल्या सकाळी, भरपूर उंचीवर विमान स्वतःकडे आणा, सरळ उभं ओढा, सगळ्या स्टिक मध्यावर सोडा आणि उजवीकडे दोन-तीन रोल मारा. नाक डावीकडे सरकलं तर डिफरन्शियल वाढवा. उजवीकडे सरकलं तर जास्त झालंय, कमी करा. मग तेच डावीकडे. एका वेळी पाच टक्के, आणि एका उड्डाणात एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रोल सुधारला, तर कशानं सुधारला हे कधीच कळत नाही.

उजव्या आणि डाव्या रोलला नाक एकाच बाजूला सरकत असेल तर डिफरन्शियलचा दोष नाही. पुढं वाचा.

९. मोटरचा कोन

मागून बघता घड्याळाच्या दिशेनं फिरणारा प्रोपेलर विमानाला डावीकडे लोळवू पाहतो. म्हणून डावा रोल थोडा चपळ असणं स्वाभाविक आहे. थ्रॉटल अगदी कमी करून दोन्ही बाजूंना रोल मारा. फरक नाहीसा झाला तर मूळ मोटरपाशी आहे. फुल थ्रॉटलवर उभं चढवताना न फिरवताही विमान डावीकडे झुकत असेल तर मोटरच्या डाव्या बाजूच्या स्क्रूखाली पातळ वॉशर घालून ती किंचित उजवीकडे वळवा. साधारण दोन-तीन अंश पुरतात.

१०. पंखातला पीळ

सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात कटकटीचं. विमान टेबलावर ठेवा, चार पावलं मागं जा, एक डोळा मिटा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा मुळापासून टोकापर्यंत सारख्या दिसतात का? बाल्साच्या फिल्म चढवलेल्या पंखाचा पीळ निघतो: एकानं पंख उलट्या दिशेनं थोडा जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्यानं हीट गननं फिल्म ताणून घ्यायची, आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. फोमच्या पंखाला हीट गन लावू नका, तो तुमच्यादेखत वितळून बसेल. तिथं नवा पंख हाच उपाय.

कुठं थांबायचं

भर्रर्र आवाज म्हणजे फ्लटर, एलेरॉन हवेत फडफडतोय. थ्रॉटल लगेच बंद, नाक हळूच वर, उतरवा. आवाज थांबला म्हणून आणखी एक चक्कर मारू नका. दोन सेकंदांच्या फडफडीनं सर्वोचे दात आणि हिंज दोन्ही जाऊ शकतात.

रोलच्या मधोमध झटका म्हणजे एक पंख स्टॉल झाला, त्याची उचल एकदम गेली: वेग कमी, एलिव्हेटर जास्त, किंवा शेपूट जड. सीजी पुन्हा तपासेपर्यंत रोल बंद, आणि नंतरची पहिली चाचणी दुप्पट उंचीवर.

पंख दोन्ही टोकांशी धरून हलकेच वाकवताना कट्ट आवाज आला, किंवा मुळाशी फिल्मला अचानक तिरक्या सुरकुत्या आल्या, तर स्पार (पंखाच्या आतली मुख्य दांडी) गेलाय असं धरा. वरून गोंद ओतून तो जुळत नाही. विमानं बांधण्याचा अनुभव असलेल्याकडे द्या आणि तोवर उडवू नका. आठव्या पायरीपर्यंत येऊन सुधारणा नसेल, तर अनुभवी उडवणाऱ्याच्या हातात रेडिओ देऊन आपण बाजूला उभं राहावं. दुसऱ्याच्या अंगठ्याखाली रोल सरळ झाला की उत्तर मिळालं.

आणि माणूस बसतो त्या विमानाला यातलं काहीही लागू करू नका. तिथं एलेरॉनच्या जुळणीला हात लावायचा अधिकार परवानाधारक देखभाल अभियंत्याचा.

मिक्सिंगबद्दल

एलेरॉनबरोबर थोडा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी पट्टी) किंवा एलिव्हेटर आपोआप द्यायची सोय रेडिओत असते. लोक ती पहिल्याच दिवशी वापरतात. मी दहाही पायऱ्या झाल्यावर, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांसाठी वापरतो, आणि नेहमी एका स्विचवर ठेवतो. उतरताना तो स्विच बंद. नाहीतर रनवेवर पंख सपाट करायला एलेरॉन द्याल आणि सोबत नको असलेला रडर येईल, तोही जमीन एक मीटरवर असताना.